आणखी दोन हजार टाकले तर…

आमच्या भाचेबुवांना "काय रे, घेतला का कॉम्प्युटर?" असं विचारायचं नाही, हा नियम गेल्या पाच वर्षांत आमच्या सगळ्या पाहुण्यारावळ्यांना पाठ झाला होता. विचारलं की ते खिशातून मोबाइल काढत, यादी उघडत आणि विचारणाऱ्याची गाडी चुकत असे. धुळ्याच्या स्टँडवरून माझी जळगाव गाडी माझ्या डोळ्यांदेखत निघून गेलेली आहे. आम्ही तेव्हा मदरबोर्डपर्यंत आलो होतो.

भाचेबुवा म्हणजे माझ्या ताईचा मुलगा. मुक्काम देवपूर, धुळे. नाव सांगत नाही आणि सांगायची गरजही नाही, कारण असा एक जण प्रत्येक घरात असतो. कुणाच्या घरी तो मोटारसायकल बघत असतो, कुणाच्या घरी प्लॉट. आमच्यात तो गेमिंगचा पीसी बघत होता. तोही साधासुधा नव्हे, आपण खेळतोय ते त्याच वेळी जगाला दाखवता येईल असा, स्ट्रीमिंगचा. त्याला 'असेंबल्ड' म्हटलेलं चालत नाही. "मामा, असेंबल्ड सायबर कॅफेत असतो. हा कस्टम बिल्ड आहे."

सुरुवात लॉकडाऊनमध्ये झाली. पोरगं बारावीला, कॉलेज मोबाइलवर आणि कॉलेजच्या मागे लपलेलं पबजी. २ सप्टेंबर २०२० ला सरकारने पबजीवर बंदी घातली, त्या रात्री भाचेबुवांनी ताट अर्धं ठेवलं आणि जाहीर केलं की मोबाइलवर आता भरवसा नाही, पीसीच घ्यायचा. मुंबईचा आदित्य सावंत, ज्याला पोरं 'डायनॅमो' म्हणतात, तो घरात बसून खेळतो आणि लाखो लोक बघतात. मग आपल्यालाच काय धाड भरलीय?

दाजींनी विचारलं, "किती लागतील?"

"पन्नास हजार."

"कापूस विकला की बघू."

गोष्ट खरं म्हणजे इथेच संपायला हवी होती. पण मग भाचेबुवांनी 'जरा अभ्यास' करायला घेतला.

ती यादी बघण्यासारखी आहे. डाव्या बाजूला वस्तू: प्रोसेसर, मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, ग्राफिक्स कार्ड, एसएमपीएस, कॅबिनेट, मॉनिटर. पुढे धुळ्याचा रेट, जळगावचा रेट, नाशिकचा, मुंबईच्या लॅमिंग्टन रोडचा, ऑनलाइनचा. शेवटी 'शेरा' नावाचा रकाना, त्यात 'नको', 'सेलमध्ये बघू', 'व्हॅल्यू नाही' आणि एका ठिकाणी 'पप्पांना सांगू नये'. यादीला तारखा नाहीत, सण आहेत. आखाजी फायनल, पोळा फायनल, दिवाळी फायनल. दिवाळी फायनलच्याही खाली एक 'दिवाळी फायनल (खरी)' आहे.

बोलण्यात काही शब्द कायमचे वस्तीला आले होते. 'फ्यूचर-प्रूफ' हा त्यातला एक. वस्तू आज घ्यायची, पण ती २०३० साली लाज वाटणार नाही अशी पाहिजे. दुसरा 'बॉटलनेक'. म्हणजे एक पार्ट तगडा आणि दुसरा किरकोळ, की किरकोळवाला सगळ्यांना अडवून धरणार. हे एकदा डोक्यात बसल्यावर पोराला दुनियाभर तेच दिसायला लागलं. पाचकंदीलच्या गर्दीत अडकलो की "मामा, इथे बॉटलनेक आहे." लग्नाच्या पंगतीत वाढपी चार आणि वरणाची बादली एक, "बॉटलनेक." ताई पोळ्या करत होती, लाटायला जाऊबाई मदतीला बसल्या होत्या, तर हा म्हणतो, "मम्मी, तुझा तवा बॉटलनेक आहे." ताईने तो बॉटलनेक त्याच्या दिशेने उचलला होता.

पण या माणसाचं खरं ब्रीद एकच: "आणखी दोन हजार टाकले तर…"

हिशेब पन्नासपासून सुरू व्हायचा. आठ जीबी रॅम घेऊन काय करायचंय, दोन हजार टाकले तर सोळा. सोळा जीबी रॅम असलेल्या मशिनला पाचशे जीबीचा एसएसडी बरा दिसत नाही. दोन हजार, एक टीबी. एवढा माल आत आणि त्याला वीज पुरवणारा एसएमपीएस ४५० वॉटचा? दोन हजार टाका, ६५० वॉट ब्रॉन्झ. आता एसएमपीएस मोठा घेतलाच आहे तर त्याला कार्ड लहान का? इथे दोनाचे आठ होत. एवढं कार्ड सेकंदाला १४४ फ्रेम काढणार आणि मॉनिटर ६० हर्ट्झचा; मग बाकीच्या फ्रेम शेजाऱ्यांनी बघायच्या का? मॉनिटर बदला. स्ट्रीमिंग म्हणजे माइक आला. माइक आला की तो धरायला हात आला. कॅमेरा आला. कॅमेऱ्यात मागची भिंत दिसणार, तिच्यावरचं फवारणीच्या औषधाचं कॅलेंडर दिसणार, म्हणजे भिंतीला निळ्या-जांभळ्या लाइटची पट्टी आली. आकडा एक लाख वीस हजारांवर पोचला की भाचेबुवांना गरगरायचं. एवढ्या पैशात शहाणा माणूस पीसी घेईल का? त्यापेक्षा पीएस फाइव्ह घ्यावा. पण तो टीव्हीला जोडायचा तर मम्मीच्या मालिका बुडणार. म्हणजे काहीच घेऊ नये. यादी बंद. दुसऱ्या दिवशी सकाळी चहासोबत पुन्हा पन्नासपासून.

जळगावात गोलाणी मार्केट आहे. मोबाइलच्या काचेपासून कॅमेऱ्याच्या रेकॉर्डरपर्यंत सगळं तिथे मिळतं. भाचेबुवा धुळ्याहून पारोळा-एरंडोल करत नव्वदेक किलोमीटर एसटीने यायचे, कारण आग्रा रोडवर जो एसएसडी विचारला होता तो इथे तीनशे रुपयांनी कमी असल्याची खबर असायची. जाण्यायेण्याचं भाडं? ते धरायचं नाही. "मी तुम्हाला भेटायला आलो ना मामा, ते वेगळं." त्यांच्या मामी तेवढ्यासाठी तर्रीदार शेवभाजी करायच्या, तीही यादीत कुठे लागलेली मी पाहिली नाही.

एकदा मी सोबत गेलो. दुकानदार शेठ बिचारे म्हणाले, "बोला भाऊ, बजेट काय?" भाचेबुवांनी उत्तर दिलं नाही. त्यांनी काउंटरवरचे दोन एसएमपीएस उचलले, दोन हातांत एकेक घेतला आणि डोळे मिटून उभे राहिले. दुकानातली चार गिऱ्हाइकं थबकली.

"हा हलका आहे," डोळे उघडून ते म्हणाले.

शेठ म्हणाले, "आम्ही वजनावर नाही विकत भाऊ. केळी थोडीच आहेत?"

पण पोरगं चुकीचं नव्हतं. त्याने तिथेच शेठच्या पोराला समजावून दिलं की स्वस्तातल्या एसएमपीएसवर आकडा ५०० वॉटचा छापलेला असतो, पण आतली कॉइल बारीक, उष्णता शोषणारी पट्टी पातळ, करंट गाळणारे सुटे भाग तर गाळलेलेच. वजन तिथे वाचलेलं असतं. मग एक दिवस तो जातो आणि जाताना कार्डाला सोबत घेऊन जातो. चार दमड्या वाचवायच्या असतील तर कॅबिनेटमध्ये वाचवा, लाइटमध्ये वाचवा, इथे नाही. शेठ ऐकत राहिले. तेवढ्यात रावेरकडचे एक गृहस्थ आले, लग्नाचे व्हिडिओ काढणारे. त्यांना एडिटिंगला मशिन हवं होतं. शेठ बोलायच्या आत भाचेबुवांनी त्यांना विचारलं, व्हिडिओ फोरकेमध्ये काढता का, दिवसाला किती जीबी होतात, जुना मॉनिटर ठेवणार का. वीस मिनिटांत त्या माणसाचं मशिन ठरलं, ॲडव्हान्स दिला, चहा आला. आम्ही चहा पिऊन "विचार करून सांगतो" म्हणून उतरलो. पुढच्या वेळी मी एकटाच एका पेन ड्राइव्हसाठी गेलो, तर शेठ म्हणाले, "भाचे नाही आले? मला रेट विचारायचे होते."

आता दाजींचं सांगायला हवं, कारण हा वाण आकाशातून पडलेला नाही. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांवर गेला, तेव्हा दाजींनी आपला आधीच खाली विकून टाकलेला होता. हे त्यांच्या इतकं जिव्हारी लागलं की पुढच्या वर्षी त्यांनी शपथच घेतली, दहा झाल्याशिवाय बोटभर कापूस घराबाहेर काढायचा नाही. गावाकडच्या घराची मधली खोली आढ्यापर्यंत भरली. आणि इकडे चिरंजीव आरटीएक्स ३०६० या कार्डाच्या मागावर. हे कार्ड २०२१ च्या फेब्रुवारीत आलं तेव्हा तीसेक हजारांत मिळेल असं कंपनीने सांगितलेलं. पण क्रिप्टोची नाणी काढणाऱ्यांनी जगभरातली कार्डं ट्रकने उचलली आणि दुकानात त्याचे पन्नास-साठ हजार मागायला लागले. म्हणजे एका घरात दोन बाजारपंडित. एक भाव चढायची वाट बघतोय, दुसरा पडायची. संध्याकाळी दोघेही ओसरीवर मोबाइलमध्ये तोंड घालून बसत. दोघे एकमेकांना मूर्ख समजत असं ताईने मला सांगितलं. ताईचं मत दोघांबद्दल सारखंच होतं.

पोराचं भाकीत खरं ठरलं बरं का. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमवाल्यांनी आपली रीतच बदलली, कार्डावर नाणी काढायचा तो धंदा रातोरात बसला आणि कार्डं उतरली. आता घ्यायचं की नाही? पण पैसे कापसात आणि कापूस दहाच्या आशेवर. २०२३ चा उन्हाळा आला, घरातल्या कापसाने सगळ्यांचं अंग खाजायला लागलं, भाव सात-आठ हजारांच्या मध्ये कुठेतरी लटकून राहिला. शेवटी दाजींनी तोंड फिरवून माल व्यापाऱ्याच्या गाडीत भरू दिला. पैसे हातात आले तोवर कार्डांची चाळीस सिरीज निघाली होती. "आता तीस सिरीज घेणं वेडेपणा आहे मामा. अन् चाळीसमध्ये ८ जीबीच मेमरी देऊन राहिले. थांबू." पैसे विहिरीच्या मोटारीत गेले.

या थांबण्याला त्यांच्याकडे शास्त्राधार होता: अमळनेर. आपल्या खान्देशात पैशाची गोष्ट निघाली की अमळनेर निघतंच. २९ डिसेंबर १९४५ ला तिथे महंमद हाशम प्रेमजींनी वनस्पती तुपाची कंपनी काढली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. तिचीच पुढे विप्रो झाली. तूप विकणारी कंपनी कॉम्प्युटरात गेली आणि ज्या अमळनेरकरांनी तिचे शेअर ट्रंकेत टाकून ठेवले होते ते बसल्या जागी करोडपती झाले. भाचेबुवा म्हणायचे, "बघा मामा, थांबले म्हणून झाले ना?" मी म्हटलं, "अरे बाबा, त्यांनी आधी घेतले आणि मग थांबले. तू घ्यायच्या आधीच थांबलायस." यावर ते थोडा वेळ गप्प झाले. मग म्हणाले, "पण ५००० सिरीजच्या प्रोसेसरचं तसं नसतं."

हिवाळ्यात आमच्याकडे शेतात भरीत असतं. पऱ्हाटीचा जाळ, त्यावर हिरवी वांगी आणि मिरच्या, मग बडगीत कुटायचं, कांद्याची पात, शेंगदाणे, सोबत कळण्याच्या पुऱ्या. अशा वेळी माणसाने वांग्याकडे बघावं. भाचेबुवांना तिथे रॅम सुचली. चुलतभावाने विचारायची चूक केली की सोळाची एक स्टिक घ्यावी की आठच्या दोन? झालं. त्यांनी टोपलीतून दोन वांगी उचलली, एक डाव्या हातात, एक उजव्या. "समज ही तुझी रॅम. एकच वांगं असलं तर प्रोसेसर एका हाताने खातो. दोन असली तर दोन्ही हातांनी. ड्युअल चॅनेल." आजीबाई बांधावर बसून बघत होत्या. नातू एक लाखाच्या गोष्टी करतोय एवढंच त्यांना कळलं. म्हणाल्या, "इतला पैसामा ते म्हैस ई जाई!" बाजारभाव बघता त्यांचं बरोबर होतं. भाचेबुवांनी ते गांभीर्याने घेतलं आणि सांगितलं की म्हशीची रीसेल व्हॅल्यू चांगली आहे हे मान्य.

स्ट्रीमिंगबद्दल मात्र त्यांचं ऐकण्यासारखं होतं, ते मीही वांगी सोलत ऐकलं. खेळ चालवणं हे एक काम, आणि त्याच क्षणी त्या खेळाचं चित्र दाबून, लहान करून नेटवर पाठवणं हे दुसरं. दोन्ही कामं प्रोसेसरवर टाकली तर खेळ अडखळतो. म्हणून पूर्वी मोठे लोक दोन-दोन पीसी ठेवायचे. आता एनव्हिडियाच्या कार्डात या दुसऱ्या कामासाठी वेगळा भागच असतो, त्याला एनव्हेंक म्हणतात. तो ते परस्पर करतो. म्हणजे नवख्याने प्रोसेसरवर उधळण्यापेक्षा कार्ड नीट बघावं, आणि नेटचा डाउनलोड नव्हे तर अपलोड किती ते विचारावं. सहा एमबीपीएस तरी सरळ मिळायला हवं. कार्यक्रम चालवायचं ओबीएस नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे. फुकट म्हटल्यावर दाजींनी पहिल्यांदा मान वर केली.

आमच्या हवेचा प्रश्न वेगळा. पुण्याच्या पोराने केलेला व्हिडिओ बघून पार्ट निवडले तर ते पुण्यात चालतात. जळगावला मे महिन्यात पारा ४५ च्या वर, धुळ्याला त्याच्या मागोमाग. खोलीतली हवाच तापलेली असताना पंखा प्रोसेसरवर फेकणार काय? म्हणून भाचेबुवा प्रोसेसरला वेगळा, मोठा कूलर घ्यायचा म्हणत. दाजी म्हणत, "आहे ना घरात कूलर." आणि खिडकीतल्या पत्र्याच्या कूलरकडे बोट दाखवत. त्या कूलरच्या झोतात पीसी ठेवला तर वाळ्यातल्या पाण्याचे तुषार आणि गल्लीची धूळ थेट मदरबोर्डवर, हे पोराने चित्र काढून पटवलं. मग वीज. वळवाच्या वाऱ्यात केळीच्या बागा झोपतात आणि लाइट जाते, हे आम्हाला नवीन नाही. घरातल्या इन्व्हर्टरवर पंखा अडखळून पुन्हा सुरू होतो, पीसी मात्र तेवढ्या क्षणात बंद पडतो. म्हणजे यूपीएस आला. ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॉट देतो, हे मला वयाच्या पन्नाशीनंतर भाच्याकडून कळलं. आणखी दोन हजार टाकले तर एक केव्हीए.

गेल्या वर्षी सप्टेंबरात जीएसटी कमी होणार अशी हाकाटी झाली. भाचेबुवांनी यादी गुंडाळून ठेवली, आता खरेदी २२ सप्टेंबरनंतर. २२ सप्टेंबर २०२५ उजाडला. एसी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. मोठा टीव्ही २८ वरून १८ वर आला. कॉम्प्युटरचे पार्ट आधीपासूनच १८ वर होते, ते तिथेच राहिले. दाजींनी त्या आठवड्यात एसी घेतला.

आणि मग रॅम उडाली. एआयच्या डेटा सेंटरांनी जगातली मेमरी ओढायला सुरुवात केली, कारखान्यांनी त्यांनाच आधी माल द्यायचं ठरवलं, आणि दिवाळीच्या आसपास रॅमचे भाव आठवड्याला बदलायला लागले. जी यादीत पाच वर्षं सगळ्यात निरुपद्रवी ओळ होती, जिच्याकडे कुणी लक्षही दिलं नव्हतं, तीच दुप्पट झाली. भाचेबुवांनी मला रात्री फोन केला. आवाज पडलेला. "मामा, थोडं थांबू का? उतरेल ना?"

फोन दाजींनी काढून घेतला. "चढत्या बाजारात घेणाऱ्याने थांबायचं नसतं," ते म्हणाले. "सकाळी पहिल्या गाडीने त्याला पाठवतो. तुम्ही सोबत जा. अन् यादी बघू देऊ नका." कापसात पोळलेल्या माणसाचा हा एवढा सल्ला लाखमोलाचा निघाला.

घेतलं काय? रायझन ५ ५६००, बी५५० बोर्ड, डीडीआर४ ची आठ-आठची सोळा जीबी, एक टीबी एसएसडी, ६५० वॉट ब्रॉन्झ आणि आरटीएक्स ३०६०, बारा जीबीवालं. म्हणजे २०२२ च्या 'पोळा फायनल'मध्ये जे होतं तेच, अक्षरशः तेच. कार्ड स्वस्त मिळालं, रॅम महाग पडली. ताईचा हिशेब यापेक्षा सरळ होता: २०२० मध्ये त्याच पन्नास हजारांचं तोळाभर सोनं घेतलं असतं, तर आज ते मोडून असा पीसी आला असता आणि वर काही उरलं असतं. जळगावच्या माहेरवाशिणीला हे सांगायला कुठला तक्ता लागत नाही.

जोडणी घरीच करायची होती. दुकानात जोडून घेतला तर तो कस्टम बिल्ड कसला? दुपारी चार वाजता चौरंग मांडला गेला. भाचेबुवा प्रत्येक पार्टला हात लावण्याआधी मोरीत जाऊन नळाला हात लावून येत, अंगातली स्थिर वीज उतरायला. आजीला वाटलं सोवळं पाळतोय, तिला बरं वाटलं. प्रोसेसरच्या पंख्याला कंपनीने पेस्ट लावूनच दिली होती. यांनी ती पुसून स्वतःची लावली. वाटाण्याएवढी लावायची की आडवी रेघ ओढायची यावर अर्धा तास गेला. ताईने काचेच्या बाजूवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. नारळ मात्र अंगणात फोडायचा ठराव झाला.

रात्री आठला बटण दाबलं. पंखे फिरले, लाल-हिरवे-निळे दिवे लागले, आजीने हात जोडले. मॉनिटर काळा. 'नो सिग्नल'. भाचेबुवांनी रॅम काढली, घातली. कार्ड काढलं, घातलं. बोर्ड खराब आलाय, मग एसएमपीएस खराब आलाय, मग रॅम मॅच होत नाहीय. साडेदहाला दाजी झोपायला गेले. अकराच्या सुमारास नववीतली धाकटी बहीण पाणी प्यायला उठली, मागून डोकावली आणि म्हणाली, "दादा, ही वायर खालच्या कार्डाला लावतात ना? तू वर लावलीय."

५६०० मध्ये चित्र दाखवायची सोयच नसते, ते काम फक्त कार्ड करतं, त्यामुळे केबल मदरबोर्डला लावली तर काळंच दिसणार, हे भाचेबुवांनी मला स्वतः धुळे स्टँडवर समजावून सांगितलं होतं. माझी गाडी चुकली ती त्याच वेळी.

पहिलं स्ट्रीम मी जळगावातून बघितलं. खेळ व्हॅलोरंट. बघायला मी, त्याच्या दोन आत्या, रावेरचे व्हिडिओवाले, गोलाणीचे शेठ आणि काही अनोळखी पोरं. पोरगं थोडं मराठीत, थोडं अहिराणीत बोलत होतं आणि बरं बोलत होतं. अहिराणी गाण्यांना यूट्यूबवर कोटींनी बघणारे आहेत, मग अहिराणीत खेळणाऱ्याला शेपाचशे का मिळू नयेत, हे त्याचं म्हणणं मला तेव्हा पटलं. चांगल्या माइकचा गुण असा की कुकरच्या शिट्ट्या स्वच्छ आल्या. तिसऱ्या शिट्टीनंतर ताईचा आवाज आला, "जेवून घे, मग मार त्याला." मग कुणीतरी खाली लिहिलं, 'भाऊ, कॉन्फिग सांग ना.'

भाचेबुवांनी खेळ तिथेच सोडला. खेळातला त्यांचा माणूस भिंतीला टेकून उभा, गोळ्या खातोय, मरतोय, पुन्हा उठतोय, पुन्हा मरतोय. आणि हे सांगतायत, बी५५० का घेतला, ब्रॉन्झ का घेतला, ड्युअल चॅनेल म्हणजे काय. यादी उघडली. माणसं वाढायला लागली. आता ते आठवड्यातून एकदा हेच करतात. खेळ नावाला मागे चालू असतो.

हल्ली मामाच्या घरी येतात तेही लोकांच्या कामासाठी. पारोळ्याचा कुणी, चोपड्याचा कुणी, धरणगावच्या कुणाला तरी बहिणीसाठी डिझाइनचं मशिन पाहिजे. शेठ आता स्टूल पुढे करतात. पोरगं पैसे घेत नाही, खोटं सांगत नाही, ज्याला कार्डाची गरज नाही त्याला कार्ड घेऊ देत नाही, आणि मशिन बंद पडलं तर रात्री अकरालाही फोन उचलतं. पहिला प्रश्न विचारतं: "केबल कुठे लावलीय?"

तेव्हा तुमच्या घरात कुणाला पीसी घ्यायचा असेल तर त्यांच्याकडे बेलाशक पाठवा. फक्त बजेट विचारलं की खरा आकडा सांगू नका. पन्नास असतील तर पस्तीस सांगा. पन्नासपर्यंत ते बरोबर आणतात.